प्रस्तावाचा हंगाम

हस्ताचा पाऊस थांबला की आमच्याकडे ऊन वेगळंच पडतं. वरून धुतल्यासारखं स्वच्छ, पण आतून उकडणारं. बारामतीच्या रस्त्यांवर ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन आलेले ट्रॅक्टर दिसायला लागतात. कारखान्याच्या बाजूनं वारं आलं की मळीचा आंबूस वास थेट स्वयंपाकघरात शिरतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत कॉलेजच्या ईमेलवर संशोधन प्रस्ताव मागवल्याची सूचना येऊन पडते.

यंदाही पडली. प्राचार्यांनी ती सगळ्या विज्ञान विभागांना पाठवली आणि वर एक ओळ लिहिली, ‘जास्तीत जास्त प्राध्यापकांनी लाभ घ्यावा.’ स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, “मॅडम, यंदा काय लिहिताय?” मी नुसतीच हसले. चहाचा कप विसळायला म्हणून उठले आणि नळ सोडून तशीच उभी राहिले. कप केव्हाच स्वच्छ झाला होता.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातली मुलं पणदऱ्याची, काटेवाडीची, पिंपळीची. कुणाच्या घरी गोठा, कुणाचा ऊस, कुणाची टोमॅटोची वा ढोबळी मिरचीची बाग. दूध नासतं म्हणजे काय होतं, हे त्यांना पुस्तकाआधी माहीत असतं. मी फक्त नावं सांगते. वर्षानुवर्षं मी नावंच सांगत आले, आणि त्यात सुखी होते. स्वतःहून एखादा प्रश्न शोधायला जावं, त्यासाठी कुणापुढे पदर पसरावा, असं कधी मनातही आलं नव्हतं. ते वैशालीमुळे आलं.

वैशाली माझी जुनी विद्यार्थिनी. लग्न होऊन इंदापूर तालुक्यात गेली. एके दिवशी मुलीला दवाखान्यात दाखवायला बारामतीला आली होती, तशीच कॉलेजात डोकावली. गप्पा मारता मारता म्हणाली, “मॅडम, आमच्याकडं सगळ्यांच्या डाळिंबाच्या बागा गेल्या. मर रोगानं. पाक वाळून गेल्या. आमच्या बांधाला बांध लागून आहे, त्यांची गेली. आमची तेवढी राहिली. सासरे म्हणतात, का राहिली ते कुणाला तरी विचार.”

मी सहज म्हणाले, “रविवारी येते बघायला.”

किती सहज म्हणाले होते.

त्या रविवारी पिंपळी, काटेवाडी मागे टाकत इंदापूरच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच केळी, मध्येच शेडनेटची पांढरी छतं. वैशालीचं घर रस्त्यापासून आत, आणि घरामागे ती बाग. जुनी होती. आजकाल डाळिंबाची बाग इतकी वर्षं कुणी ठेवत नाही. खोडं मनगटापेक्षा जाड झालेली, साल खडबडीत, पण वर पालवी अशी तुकतुकीत की हात लावावासा वाटावा. शेजारच्या रानात उपटलेल्या झाडांच्या मुळ्या उन्हात पडलेल्या होत्या. मी एक मूळ आडवं कापून पाहिलं. आत तपकिरी डाग, मर रोगाची खूण. बांध ओलांडून अलीकडे आले तर बाग लाल कळ्यांनी भरलेली. फुलचुखे चिवचिवत होते.

तात्या, म्हणजे वैशालीचे सासरे, बांधावर उभे होते. उंच, किंचित वाकलेले, डोक्याला पांढरा टॉवेल. मी त्यांना विचारलं, “तुम्ही या बागेला वेगळं काय करता?”

“काय बी न्हाय,” ते म्हणाले. “ह्यांनी जी औषधं सोडली तीच म्या सोडली. ह्यांचं शेणखत तेच माझं. रोपं बी एकाच रोपवाटिकेतली. पानी त्याच विहिरीचं.”

“मग?”

“त्येच तर तुमाला इचारायचं हाय. मला ठावं न्हाय.” डोक्यावरचा टॉवेल सारखा करत ते म्हणाले, “फळाचं मला सांगू नका बाई. भाव बी नको. म्या लय वर्सं फळं इकली. हे का जगलं, तेवढं मला सांगा.”

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी मला असा प्रश्न विचारला नव्हता. मुलं विचारायची ती परीक्षेला काय येईल ते. इथे सत्तरी ओलांडलेला एक माणूस भर उन्हात उभा राहून मला विचारत होता, का. घरी परतताना माझ्या पिशवीत त्या बागेतली माती होती आणि मी गाडीत एकटीच गुणगुणत होते.

मला एक अंदाज होता. काही मातींमध्ये असे जिवाणू वस्तीला असतात की ते रोगाच्या बुरशीला मुळाशी पाय रोवू देत नाहीत. तात्यांच्या मातीत तसं काही असेल, तर ते शोधता येईल, कदाचित दुसऱ्याच्या रानातही वाढवता येईल. पण अंदाज म्हणजे उत्तर नव्हे. त्या मातीतलं सगळं जीवजंतूंचं गणगोत ओळखायचं, तर आमच्या प्रयोगशाळेतली सूक्ष्मदर्शकं आणि पेट्री डिश पुरणार नव्हत्या. त्यासाठी अनुदान हवं होतं, आणि अनुदानासाठी प्रस्ताव.

प्रस्ताव लिहायला मला जाधव सरांनी शिकवलं. सर निवृत्त होऊन बारामतीतच राहत होते. ज्या समित्या असे प्रस्ताव वाचतात, त्यांवर ते बरीच वर्षं बसले होते. गुडघे दुखायचे म्हणून गॅलरीतल्या वेताच्या खुर्चीतून उठायचे नाहीत. मी पहिला मसुदा नेला. त्यांनी पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं. ‘भारत हा कृषिप्रधान देश असून डाळिंब हे एक महत्त्वाचे फळपीक आहे.’

“हे कुणाला माहीत नाही?” त्यांनी विचारलं.

मी माझ्या प्रतीतलं ते वाक्य खोडलं.

“ज्याला तुझा विषय येत नाही, ज्याच्या टेबलावर असा ढीग पडलाय, आणि जो दुपारी जेवून जरा पेंगुळलाय, अशा माणसासाठी लिही. पहिल्याच वाक्यात त्याला जागं कर. काय माहीत नाही, ते सांग. मग तू काय करणार, ते. मग तुझा अंदाज चुकला तर तो चुकला हे तुला कशावरून कळणार, ते. हे तिसरं कुणी लिहीत नाही.”

सरांच्या हातात लाल पेन नव्हतं. ते नुसते वाचायचे आणि जिथे थांबायचे, तिथे काहीतरी खोट आहे हे मला कळायचं. मी लिहिलं होतं की तात्या सकाळी बागेत जातात तेव्हा आधी झाडांच्या खोडांवरून हात फिरवतात. सर तिथे थांबले.

“हे काढ.”

“पण सर, त्यांनीच हा प्रश्न विचारला.”

“माहीत आहे. चांगला माणूस दिसतो. काढ. ‘निवडलेले स्थळ’ असं लिही.”

मी काढलं. एकेक मसुद्यातून तात्या गेले, फुलचुखे गेले, शेजारच्या रानातल्या त्या वाळक्या मुळ्या गेल्या. जे राहिलं ते नेटकं होतं. उद्दिष्टं, पद्धती, वेळापत्रक, अपेक्षित निष्पत्ती. सर म्हणाले, आता दम आहे. मलाही वाटलं, आहे.

त्या वर्षी नकार आला. कारण एका ओळीत होतं, प्राथमिक निष्कर्ष अपुरे.

ही ओळ मी तात्यांना समजावून सांगायला गेले, तेव्हा अंगणात वैशालीचा नवरा संतोषही बसला होता. मी म्हणाले, “त्यांचं म्हणणं, आधी थोडं काम करून दाखवा, मग पैसे देऊ.”

संतोष हसला. “आणि पैसे असल्याशिवाय काम व्हत न्हाय.”

“हो.”

“मग तुमची बी ग्यानबाची मेखच की,” तो म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. कालव्याचं पाणी आता त्यांच्या रानापर्यंत खात्रीनं येत होतं. आजूबाजूला सगळा ऊस झाला होता. बाग म्हातारी, फळ बारीक. ती काढून ऊस लावायचा, असं त्याचं सरळ म्हणणं होतं, आणि त्याच्या जागी कुणीही तेच म्हटलं असतं.

तात्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. “पुन्ना लिवा बाई,” ते मला म्हणाले. “तवर बाग ऱ्हाईल.”

घरी येताना मी गुणगुणत नव्हते. आता त्या बागेतली झाडं माझ्या लिहिण्यावर उभी होती.

दुसऱ्या वर्षी मी प्राथमिक निष्कर्ष गोळा करायचं ठरवलं. रविवारी जाऊन वेगवेगळ्या झाडांच्या मुळांजवळची माती आणायची, काही तिथली, काही बांधापलीकडची. वैशाली मदतीला यायची. पिशव्यांवर खुणा करायची, मध्येच तिला कॉलेजात शिकलेलं एखाद्या जिवाणूचं नाव आठवायचं आणि ती खूश व्हायची. ‘मॅडम, स्युडोमोनास ना?’ तात्या दूर बसून बघायचे. ही माती खोल गोठवून ठेवायला हवी होती. तसा फ्रीजर आमच्याकडे नव्हता. साध्या फ्रीजमध्ये ठेवली. मे महिन्यात वीज जायची, यायची, पुन्हा जायची. मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत कसाबसा नंबर लावला. नमुने पाठवले, तर त्यांचा निरोप आला, नमुने तपासण्यायोग्य राहिलेले नाहीत. मी फ्रीज उघडून उरलेल्या पिशव्या पाहिल्या. एकीच्या आत मातीवर पांढरी बुरशी धरली होती, कापसासारखी, दिसायला सुंदर.

जे हाताशी होतं त्यावर प्रस्ताव लिहिला. या खेपेला दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. एकानं लिहिलं होतं, यात नावीन्य कमी आहे. दुसऱ्यानं लिहिलं होतं, हा प्रस्ताव अतिमहत्त्वाकांक्षी आहे. मी दोन्ही कागद घेऊन सरांच्या गॅलरीत गेले.

“यातलं कुठलं खरं धरू?”

“दोन्ही,” सर म्हणाले. “एकाला वाटलं, हे जुनंच आहे. दुसऱ्याला वाटलं, हे जमणार नाही. याचा अर्थ, हे जुनं नाही आणि जमू शकतं, हे तू त्यांच्या गळी उतरवू शकली नाहीस.”

मला रडू आलं. सर बाहेर बघत राहिले. खालून उसाची ट्रॉली चालली होती. तिचा आवाज दूर गेल्यावर ते म्हणाले, “मी पण असे नकार लिहिलेत. कितीतरी. समोर कोण आहे, ते दिसत नाही.”

आणि मग तो तिसरा हंगाम. हस्ताचा पाऊस आठवला की मला तोच आठवतो.

त्या साली तात्यांनी बाग हस्त बहारासाठी धरली होती. म्हणजे झाडांचं पाणी तोडून त्यांना ताण द्यायचा, पानं गाळायची, आणि मग पाणी सोडलं की फुटव्याबरोबर कळी निघते. तात्यांचं गणित वर्षानुवर्षं बसलेलं होतं. कळी छान निघाली होती. प्रस्तावांची सूचना त्या साली लवकर निघाली होती, आणि मीही त्या सप्टेंबरात जे लिहीत होते, ते आजवर लिहिलेल्यात सगळ्यात चांगलं होतं, हे मला लिहितानाच जाणवत होतं. पहिलं वाक्य मी पुन्हा पुन्हा घडवलं होतं: ‘एकाच विहिरीच्या पाण्यावर, एकाच रोपवाटिकेतल्या रोपांच्या दोन शेजारी बागांपैकी एक मर रोगाने संपली आणि दुसरी जिवंत आहे; याचे कारण अज्ञात आहे.’ सरांनी ते वाचलं आणि थांबले नाहीत. सलग शेवटपर्यंत वाचत गेले. खाली ठेवून म्हणाले, “आता याला नाही म्हणणं अवघड आहे.”

हस्त लागला तो असा लागला की आभाळ फाटल्यागत. आमच्या भागाला हा पाऊस नवा नाही, पण पूर्वी तो तास-दोन तास कोसळून मोकळा व्हायचा. आता तो बसायला येतो. वैशालीच्या घरासमोरचा रस्ता रुंद झाला, तेव्हा त्याचा भराव उंच झाला होता, आणि पाण्याच्या जुन्या वाटा त्याखाली गेल्या होत्या. वरच्या अंगाचे उसाचे फड तुडुंब भरले, त्यांचे बांध फुटले. ते पाणी उताराला लागलं. उताराला तात्यांची बाग होती.

प्रस्ताव पाठवायची मुदत जवळ आली होती आणि मी कॉलेजात बसून ‘स्थळाची उपलब्धता’ हा परिच्छेद तपासत होते. फोन वाजला. वैशाली होती. मागे पावसाचा आवाज.

“मॅडम, बागेत पाणी साचलंय. गुडघाभर आहे. तात्या आत गेलेत, येईनात बाहेर.”

मी तशीच निघाले. काटेवाडीच्या पुढे रस्ता दिसत नव्हता, वायपर नुसते भिरभिरत होते. पोचले तर बागेत सगळे होते. संतोष चर खणत होता. कमरेपासून खाली चिखल, अंगातला सदरा पाठीला चिकटलेला, फावडं चालवताना तोंडातून हुंकार निघत होता. याच माणसाला ही बाग नको होती. आता ती वाचवायला तोच सगळ्यात जास्त राबत होता. वैशाली घमेल्यानं चिखल उपसत होती. मी चपला काढून आत उतरले. पाणी गार आणि गढूळ होतं, आणि त्यावर लाल कळ्या तरंगत होत्या. बहर सगळा गळून पाण्यावर आला होता.

तात्या एका झाडाला धरून उभे होते. मी त्यांच्याजवळ गेले, तेव्हा ते म्हणाले, “मुळास्नी श्वास लागतो बाई. ह्या पान्यात किती येळ तग धरतील?”

“पाणी लवकर निघालं तर टिकतील.”

“निघंल?”

मी त्या उंच भरावाकडे पाहिलं. “बघू,” म्हणाले.

पाणी निघालं, पण हळूहळू. माती सुकून वाफसा यायच्या आधीच पुन्हा पाऊस आला. मी चिखलाचे पाय धुऊन बारामतीला परतले, दुसऱ्या दिवशी प्रस्तावात स्थळावर पाणी साचल्याची एक ओळ घातली आणि मुदतीत पाठवून दिला. झाडं तेव्हा उभी होती. वरून हिरवीच दिसत होती. मी लिहिलेलं त्या दिवशी तरी खरं होतं.

दिवाळीच्या आसपास एका झाडाची एक फांदी पिवळी पडली. मग त्याच झाडाची दुसरी. मग शेजारचं झाड. बांधापलीकडच्या बागेत जे झालं होतं, तेच आता अलीकडे व्हायला लागलं. जे काही त्या मातीत इतकी वर्षं पहारा देत होतं, ते त्या साचलेल्या पाण्यात गुदमरून मेलं असावं. असावं, एवढंच म्हणते. ते काय होतं हेच मला कळलेलं नव्हतं. मी दर रविवारी जायचे. दर रविवारी एखादी ओळ वाळलेली असायची. पानं गळायची नाहीत, तशीच फांदीवर करपून लटकायची. वारा आला की कागद वाजावा तशी वाजायची.

मी अनुदान देणाऱ्या कार्यालयाला कळवलं की स्थळाची अवस्था बदलली आहे. उत्तर आलं, सादर केलेल्या प्रस्तावात आता बदल करता येत नाहीत, छाननीची वाट पाहावी.

संक्रांतीनंतर संतोषनं जेसीबी आणला. त्यानं मला आधी फोन केला होता. “मॅडम, आता शेवटची बी वाळली. तुमाला काय घ्यायचं आसंल तर घेऊन जावा.” मी गेले, मुळं घेतली, माती घेतली. करायचं म्हणून केलं. तात्या घरात पलंगावर बसून होते, बाहेर आले नाहीत. मशीनचा आवाज घरात येत होता. वैशालीनं चहा आणला, तो त्यांनी हातात धरला आणि तसाच निवू दिला.

उन्हाळ्यात मंजुरी आली.

प्राचार्यांनी पेढे वाटले. स्थानिक वर्तमानपत्रात माझा फोटो छापून आला. जाधव सरांचा फोन आला, त्यांना आनंद झाला होता, मग मध्येच त्यांना बाग गेल्याचं आठवलं आणि त्यांनी फोन ठेवला. परीक्षकांचे अभिप्राय सोबत जोडलेले होते. एकाचं वाक्य मला पाठ आहे: ‘स्थळाची निवड हे या प्रस्तावाचे सर्वांत मोठे बलस्थान आहे.’ मी ते प्रयोगशाळेत उभ्यानं वाचलं. समोर मुलं प्रॅक्टिकल करत होती. एकीनं विचारलं, “मॅडम, हे निळं झालं, बरोबर आहे का?” मी म्हणाले, बरोबर आहे. काय निळं झालं होतं, ते मी पाहिलं नव्हतं.

तात्यांना सांगायला मी स्वतः गेले. फोनवर सांगता आलं असतं, पण ते मला बरं वाटेना. बागेच्या जागी उसाची लागवड झाली होती. कोंब वीतभर वर आले होते, सऱ्यांमध्ये पाणी चमकत होतं. रान चांगलं दिसत होतं. माझ्या डोळ्यांना ते बघवत नव्हतं, पण रान चांगलं दिसत होतं, हे खरं आहे.

तात्या ओसरीवर बसले होते. त्या हिवाळ्यात फारच उतरले होते. मी म्हणाले, “तात्या, मंजूर झालं.”

त्यांनी मान वर केली. चेहरा उजळला. खरंच उजळला, आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

“झालं? मग आता कळंल?”

“नाही तात्या.”

“का? पैसं मिळाल्यात न्हवं?”

“झाडं नाहीत.”

“माती हाय की. तीच हाय. कुठं गेली न्हाय ती.”

मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सांगायला लागले. माती तीच असली तरी तिच्यात राहणारं बदलतं. एवढे दिवस पाण्याखाली राहिली, मग नांगरली, मग उसाला रासायनिक खत, रोजचं पाणी. आधी काय होतं ते आता तिला विचारून कळणार नाही. वैशाली दारात उभी राहून ऐकत होती. मी वर्गात शिकवते तसं शिकवत होते, सोपं करून, आणि बोलताना माझा मलाच राग येत होता.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हंजी आता कुनालाच कळायचं न्हाय.”

“नाही.”

“तुमाला बी न्हाय.”

“मलाही नाही.”

ते उसाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाले, “बाई, तुमी खोटं बोलला आसता तरी मला चाललं आसतं. म्हनाला आसता, तपासतो, बघतो. म्या वाट बघत ऱ्हायलो आसतो. मला तेवढंच काम व्हतं.”

वैशाली आत गेली. भांड्यांचा आवाज आला, मग तो थांबला.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. परवानगी काढून मी बारामतीजवळचं दुसरं स्थळ घेतलं. तिथे एक बाग रोगट होती, एक बरी होती. बरी होती कारण ती नवी होती, हे मला पहिल्याच भेटीत कळलं होतं. काम मात्र नीट केलं. खोल गोठवणारा फ्रीजर आला, तो अजून आहे, सगळे विभाग वापरतात. दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध झाले. अहवाल वेळेत गेला आणि ‘समाधानकारक’ असा शेरा घेऊन परत आला. तात्या त्याच्या आधीच्या थंडीत गेले. मी दहाव्याला गेले होते. संतोषनं मला बसायला खुर्ची दिली. उसाला तुरे आले होते, वाऱ्यावर हलत होते. कुणीही बागेचा विषय काढला नाही.

आता मला लोक प्रस्ताव लिहिण्यातली जाणकार समजतात. जाधव सरांना बाहेर पडणं जमत नाही, त्यामुळे आसपासच्या कॉलेजांतून मला बोलावणं येतं. मी जाते. का जाते, मलाही नीट सांगता येत नाही. गेल्या आठवड्यात इंदापूरला कार्यशाळा होती. पंख्याखाली वीसेक तरुण प्राध्यापक, समोर पाण्याच्या बाटल्या. मी माझा मंजूर झालेला प्रस्ताव पडद्यावर लावला. पहिलं वाक्य वाचून दाखवलं, ते का परिणामकारक आहे ते समजावलं. अज्ञात काय आहे ते आधी सांगा. थकलेल्या माणसासाठी लिहा. अंदाज चुकला तर कसं कळणार, तेही लिहा. सगळे उतरवून घेत होते.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. वेळापत्रक तक्त्यात द्यावं की मजकुरात, सहसंशोधक दुसऱ्या कॉलेजचा चालेल का, असं बरंच झालं. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. नुकतीच लागलेली असावी, साडी सावरायची सवय नव्हती. तिनं पडद्याकडे बोट केलं.

“मॅडम, मग ती बाग का जगली होती?”

सभागृहातले सगळे तिच्याकडे वळून बघायला लागले. दोघंतिघं हसले. ती ओशाळली, पण बसली नाही. पडद्यावर ते वाक्य तसंच होतं, एक बाग संपली आणि दुसरी जिवंत आहे. त्यातलं ‘आहे’ मी इतक्या कार्यशाळांमधून वाचून दाखवलं होतं.

“माहीत नाही,” मी म्हणाले. “ते कळायच्या आत ती गेली.”

तिला बहुधा आणखी काही ऐकायचं होतं. तिनं पडद्यावरचं वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग खाली बसली.

पुढच्या रांगेतल्या एकानं हात वर केला आणि विचारलं, संदर्भसूची पानांच्या मर्यादेत धरायची का. मी म्हणाले, नाही, ती वेगळी.